पोवळं हा खडा नाही!

आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं भिंगाखाली धरून बघा. त्यावर बारीक समांतर रेघा दिसतील. पोवळं खाणीत सापडत नाही. समुद्रातल्या इवल्याशा जिवांच्या, म्हणजे प्रवाळांच्या, वसाहतीने चुन्यापासून रचलेला तो सांगाडा असतो.

दागिन्यांतलं प्रसिद्ध लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. इटलीत नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी नावाजलेलं आहे. या प्रवाळाची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे अंगठीतलं एवढंसं पोवळं घडायला कित्येक दशकं लागली आहेत! म्हणूनच भूमध्य समुद्रात आता ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात त्याच्या तोडणीला बंदी आहे.

उथळ पाण्यात प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ वेगळे. ते आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत. माशांची पिल्लं त्यांच्याच आडोशाला वाढतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्रवाळांना वाघाइतकंच, म्हणजे अनुसूची १ चं संरक्षण दिलं आहे.

म्हणून एवढंच करा: घरातली जुनी पोवळी जपा, नवीन घेताना ती कुठली हे विचारा. आणि स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा तर मुळीच उचलू नका.