नॅशनल फ्रंट: गोऱ्यांच्या नावानं उभी, खुर्चीपायी फुटली

पिपरी मेघेतलं कुणाचं लेकरू इंग्लंडला शिकायला निघालं, की मी त्याला लंडनमधल्या साऊथॉलचा इतिहास आवर्जून सांगतो. त्याची मुळं ‘नॅशनल फ्रंट’ या पक्षात आहेत.

1967 साली ए. के. चेस्टरटननं काही अतिउजवे गट एकत्र करून ‘नॅशनल फ्रंट’ काढली. मुख्य मागणी: गोरे नसलेल्यांना देशाबाहेर काढा. काही वर्षांतच चेस्टरटनलाच बाहेर पडावं लागलं. मग जॉन टिंडल आला; 1974 मध्ये त्याला हटवून जॉन किंग्सली रीड. भांडण कोर्टात गेलं, रीडनं वेगळी चूल मांडली.

23 एप्रिल 1979. साऊथॉलच्या टाऊन हॉलमध्ये फ्रंटची सभा, बाहेर निषेधाला हजारो लोक, बहुतेक तिथलेच आशियाई रहिवासी. त्या गर्दीत ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर घाव बसून गेला. घाव बहुधा पोलिसाचाच होता, हे सांगणारा पोलिसांचाच अहवाल लोकांसमोर यायला 2010 उजाडलं. हा उशीर मला आजही सहन होत नाही.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत फ्रंटचे 303 उमेदवार. निवडून एकही नाही. पुन्हा फाटाफूट. टिंडलनं 1982 मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी काढली, 1999 मध्ये निक ग्रिफिननं त्यालाच हरवलं आणि 2014 मध्ये पक्षानं ग्रिफिनचीही हकालपट्टी केली.