गोष्ट लेखकाची, नायक कंपनीचा

१९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा तरुणांनी आपल्या पहिल्या सुपरमॅन-कथेबरोबर त्या पात्राचे सारे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन झळकला आणि मालकी प्रकाशकाकडे गेली ती कायमचीच. अमेरिकी कॉमिक्समधल्या लांबलचक कथांचे पुढचे बरेचसे वळण या व्यवहारातच ठरून गेले. नायक कंपनीचा असल्यामुळे लेखक-चित्रकार येत-जात राहिले. नायकाला मात्र म्हातारे व्हायची, मरायची किंवा निवृत्त व्हायची मुभा उरली नाही.

पहिली वीसेक वर्षे याची अडचण फारशी जाणवली नाही, कारण बहुतेक कथा एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपत. गाडीने रूळ बदलले ते १९६१-६२मध्ये, मार्व्हल कंपनीच्या ‘फॅन्टास्टिक फोर’ आणि ‘स्पायडरमॅन’पासून. पीटर पार्कर शाळा संपवून कॉलेजात गेला, त्याच्या पैशांच्या विवंचना आणि प्रेमभंग एका अंकातून पुढच्या अंकात सरकू लागले. १९६६मध्ये चित्रकार स्टीव्ह डिट्को काम सोडून गेला, जॉन रोमिता आला आणि मालिका एका महिन्यानेही अडली नाही. १९७३च्या १२१व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली, तेव्हा या जगातही काही घडते आणि घडून राहते, असे वाचकांना वाटले. ते पूर्ण खरे नव्हते. १९८७मध्ये पीटरचे मेरी जेनशी लग्न लावण्यात आले. पण लग्न झालेला नायक थोराड वाटतो, असे पुढे संपादकांचे मत पडले आणि २००७मध्ये एका सैतानाशी सौदा घडवून ते लग्न कथेच्या इतिहासातूनच पुसण्यात आले. घटस्फोट चालला नसता, कारण घटस्फोटाने वय आणखी वाढते.

सुपरमॅनची प्रकाशक असलेल्या डीसीकडे दुखणे वेगळे होते. दशकानुदशके साचलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या कथांचा हिशेब लागेना. १९६१मध्ये फ्लॅश या नायकाच्या जुन्या आणि नव्या अवतारांची गाठ घालून देताना दोन समांतर पृथ्वी कल्पिल्या गेल्या. मग अशा पृथ्वींची संख्या वाढतच गेली. १९८५-८६मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये सगळ्या पृथ्वी मोडून एकच केली. ही जुनी खतावणी बंद करून नवी उघडण्याची रीत पुढेही चालू राहिली. २०११मध्ये डीसीने ५२ मासिके एकदम पहिल्या अंकापासून सुरू केली. तेव्हा ९०४ अंकांवर पोहोचलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’वरही १ हा आकडा आला. नव्या मोजणीचे ५२ अंक झाल्यावर, २०१६मध्ये, ते जुन्या आकड्यात मिळवून ९५७वा अंक काढण्यात आला, आणि २०१८मध्ये हजारावा अंक साजरा झाला. मधल्या काळात, १९९२च्या नोव्हेंबरात, सुपरमॅनला मारूनही झाले होते. तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला, आत दंडावर बांधायची काळी फीतही होती. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला.

जपानमध्ये मात्र घडी वेगळी बसली. तिथे साप्ताहिक मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, काळ सुरू झाला तो १७ मार्च १९५९ रोजी. त्या एकाच दिवशी ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही मुलांची दोन साप्ताहिके बाजारात आली. १९६८मध्ये ‘शोनेन जंप’ निघाले आणि पुढे त्याने दोघांनाही मागे टाकले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचा खप ६५ लाखांच्या पुढे गेला. इथे कथेचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे मांगाकाराकडेच राहतो. त्यामुळे लेखक आजारी पडला तर मालिका थांबते. दुसऱ्याला बसवून ती सहसा पुढे रेटता येत नाही. अमेरिकी मासिकाची वीस-बावीस रंगीत पाने लेखक, पेन्सिलकार, शाईकार, रंगकार आणि अक्षरकार मिळून महिन्यात करतात. मांगाकार दोन-चार साहाय्यकांना हाताशी धरून जवळपास तेवढीच काळी-पांढरी पाने दर आठवड्याला देतो.

अर्थात मांगाकार पुरता स्वतंत्र असतो असे नाही. ‘जंप’च्या अंकातल्या पोस्टकार्डावर वाचक आपल्या आवडत्या मालिका कळवतात. त्यात मागे पडलेली मालिका दहा-वीस आठवड्यांत गुंडाळली जाते, आणि पुढे असलेली सहजासहजी संपवू दिली जात नाही. शिवाय संपादक असतो. अकिरा तोरियामाने ‘ड्रॅगन बॉल’मध्ये १९ आणि २० क्रमांकाचे यंत्रमानव खलनायक म्हणून आणले, तेव्हा त्याचा जुना संपादक काझुहिको तोरिशिमा याने, हा म्हातारा आणि हा लठ्ठ, यांना कोण भिणार, अशी तक्रार केली. तोरियामाने १७ आणि १८ काढले; तर ही पोरे कसली, असे झाले. त्यातून सेल हा खलनायक जन्मला, आणि नव्या संपादकाला त्याचेही रूप पसंत न पडल्याने सेलला पुन्हा कात टाकावी लागली. आखीव वाटणारे ते कथानक असे ऐनवेळच्या डागडुजीतून उभे राहिले आहे. १९८४मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९५मध्ये ५१९ प्रकरणांवर संपली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ‘जंप’चा खपाचा पहिला क्रमांकही काही काळ गेला.

मृत्यूचे वजनही इथे निराळे. ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या मांगात जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मेला, तेव्हा मार्च १९७०मध्ये त्याच्यासाठी टोकियोत खराखुरा अंत्यविधी झाला आणि शेकडो वाचक त्याला आले. तो परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मात्र कथा लेखकाबरोबर जगायची, तर ती त्याच्याबरोबर थकतेही. एइइचिरो ओदाने १९९७मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पाचेक वर्षांत आटपेल अशा अंदाजाने ‘वन पीस’ हाती घेतली. २०२१मध्ये तिचा शंभरावा खंड निघाला. ओसामु अकिमोतोने ‘कोचिकामे’ १९७६पासून ४० वर्षे एकही आठवडा न चुकवता चालवली आणि २००व्या खंडावर थांबवली. हा अपवादच म्हणायचा. योशिहिरो तोगाशीची ‘हंटर × हंटर’ १९९८पासून चालू आहे ती पाठदुखीमुळे पडलेल्या मोठमोठ्या विरामांसह.

२०२१ने दोन टोके शेजारी आणून ठेवली. सप्टेंबरात ताकाओ साइतो वारला. १९६८पासूनच्या ‘गोल्गो १३’साठी त्याने सुरुवातीपासून सिनेमाच्या स्टुडिओसारखी कामाची वाटणी केली होती. त्यामुळे मालिका जवळजवळ अमेरिकी पद्धतीने पुढे चालू राहिली. त्याआधी मे महिन्यात ‘बर्सर्क’चा केंतारो मिउरा ५४व्या वर्षी गेला, ३२ वर्षांची कथा अर्धवट राहिली. तिचा शेवट त्याने फार पूर्वी कोजी मोरी या मित्राला सांगून ठेवला होता. मिउराच्या साहाय्यकांनी २०२२च्या जूनमध्ये मालिका पुन्हा सुरू केली ती मोरीच्या देखरेखीखाली, आणि मिउराने सांगितले तेवढेच लिहायचे, पदरचे काही घालायचे नाही, अशी मोरीची अट होती.

उत्तर अमेरिकेतही जिथे मालकी लेखकाकडे राहिली, तिथे गोष्टीला शेवट मिळाला. डेव्ह सिमने १९७७मध्ये सुरू केलेली ‘सेरेबस’ आधी जाहीर केल्याप्रमाणे ३००व्या अंकावर, २००४मध्ये, संपवली. रॉबर्ट कर्कमनची ‘द वॉकिंग डेड’ २०१९मध्ये १९३व्या अंकावर संपली, कोणतीही पूर्वसूचना न देता. वाचकांना सुगावा लागू नये म्हणून दुकानदारांच्या मागणीपत्रकात पुढच्या अंकांची मुखपृष्ठेही छापून ठेवली होती. ते अंक कधी निघणारच नव्हते.