सावकाशीचे औषध

कामगार चळवळीतल्या माणसाने योगावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण तीस वर्षे एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून उरण, पेण, मुरूड, श्रीवर्धन अशी भ्रमंती केली, आणि अखेर माझ्या कंबरेनेच संप पुकारला. शाळा माझी नववीत सुटली. तेव्हा आज सांगतो त्यातले बरेचसे पोथीपेक्षा पाठीकडून शिकलेले आहे.

पहिली चूक घाईची. पश्चिमोत्तानासनाच्या एका चित्रात माणसाचे कपाळ गुडघ्याला टेकलेले पाहिले. चौथ्याच दिवशी मीही जोर लावून टेकवायला गेलो, आणि पुढचे आठ दिवस अंथरुणाला टेकलो! नंतर ज्या शिक्षकांकडे गेलो, त्यांनी पहिले दोन आठवडे मला केवळ उताणे निजवून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. वस्तुतः उपचार तोच होता. दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू जपण्यासाठी आवळून राहतात. पायांना आधार मिळाला, श्वास संथ झाला, की ते हळूहळू सैल पडतात. जोर केला तर अधिकच आवळतात.

ही चिकित्सा कोणी हवेत उभारलेली नाही. आपल्या खोपोलीवरून घाट चढला की लोणावळा. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली व मापनयंत्रांनी तपासायला आरंभ केला. नौली करताना पोटात दाब किती उतरतो, तेही त्यांनी मोजले. पुण्यात १९३७ पासून शिकविणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांचे लहानपण आजारपणात गेले होते. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंतीचा दोर यांचा आधार देऊन त्यांनी आसने दुबळ्या माणसाच्याही आवाक्यात आणली. हात जमिनीला पोचत नसेल तर जमीन हाताजवळ आणावी, हा विचार मला तरी फार मोठा वाटतो.

मात्र चमत्काराची अपेक्षा धरू नये. जुनाट कंबरदुखीवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांना थोडासाच उतार पडला. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली तर फारसा फरक आढळला नाही. आणि काहींचे दुखणे योगाने वाढलेही. मग योगच का? माझे उत्तर साधे आहे. एक सतरंजी पुरते, आणि सावकाश केला तर तो साठीनंतरही सुटत नाही.

तोल म्हणजे ताठरपणा, अशी आपली समजूत असते. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर पाहा. जो ताठ उभा राहतो तो पहिल्या लाटेला कोलमडतो; तांडेल गुडघे किंचित सैल ठेवून उभा असतो. डोळे, कानाच्या आतली रचना आणि तळपायांची जाणीव, या तिघांच्या मेळाने शरीर सावरते. म्हणून वृक्षासन प्रथम भिंतीला हात लावून, डोळे उघडे ठेवूनच करावे.

राहिले सातत्य. दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असे पतंजलीने सांगितले आहे. आपल्या अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. त्या सहा वर्षांत जयजयकाराचे दिवस थोडे. बाकीचे सारे नुसते टिकून राहण्याचे. रोजच्या दहा मिनिटांचेही तसेच. तीन आठवडे काहीच घडत नाही आणि माणूस कंटाळून सोडतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. होते तेवढेच करावे. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर आसन नव्हे, तत्काळ डॉक्टर. रक्तदाब वाढलेल्याने अथवा काचबिंदू असलेल्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये.

आता माझ्या खऱ्या भांडणाकडे येतो. २०१५ पासून २१ जूनला योगदिन होतो. कारखान्यात चटया अंथरतात, छायाचित्रे निघतात, आणि २२ तारखेला तीच पाठ त्याच गोणीखाली! आम्ही विसाव्याची जागा मागितली तेव्हा एका व्यवस्थापनाने योगवर्ग देऊ केला. गड्याने एकट्याने ५५ किलोहून अधिक ओझे उचलू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदाही आहे. योगाने पाठ थोडी सावरते, गोणी हलकी होत नाही.

तो वर्ग आम्ही नाकारला नाही. तो कामाच्या वेळेत, भरपगारी असावा एवढे मागणीपत्रकात घातले; त्याच्यावर ओझ्याच्या वजनाचे कलम, आणि खाली विसाव्याच्या जागेचे.