जेम्स बाँडचा साठ वर्षांपूर्वीचा आफ्टरशेव्ह घेताय? आधी खोक्यावर बारकोड शोधा

‘गोल्डफिंगर’ (1964) गाजला आणि कोलगेट-पामोलिव्हने अमेरिकेत थेट ‘007’ नावाची पुरुषांची प्रसाधने बाजारात आणली. आफ्टरशेव्ह, कोलोन, टाल्कम पावडर. संग्राहक आज याच बाटल्यांच्या शोधात असतात.

फसगत कुठे होते? बाँडपटांना 50 वर्षे झाली तेव्हा, 2012मध्येही ‘007’ परफ्यूम आला. पण तो प्रॉक्टर अँड गॅम्बलचा. तो ‘जुना’ म्हणून गळ्यात पडू शकतो. सोपी खूण सांगायची तर, किराणा दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला 1974मध्ये. 1960च्या दशकातल्या म्हणवणाऱ्या खोक्यावर तो दिसला, की व्यवहार तिथेच थांबवा.

बाटली भरलेली असली तरी आत मूळचेच द्रव्य आहे, याची खात्री नाही. अल्कोहोल झाकणाच्या फटीतून हळूहळू उडते, लिंबाच्या जातीचे सुगंध लवकर बिघडतात. रिकामी बाटली पुन्हा भरणेही अवघड नाही. त्यामुळे पैसे मोजावेत ते मूळ खोके, लेबल आणि न उघडलेल्या झाकणाचे. गालाला लावायचा मोह टाळलेलाच बरा!

परदेशातून मागवताना आणखी एक अडचण येते. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने टपालाने पाठवण्यावर निर्बंध असतात. रिकाम्या बाटलीला ते लागू नाहीत.