आधी करार, मग जहाज : अमेरिकेच्या विद्यापीठात अर्ज करताना

निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हल्ली हमखास कानी येतो. "पोरीला अमेरिकेला शिकायला पाठवायचं म्हणतोय, काय करावं लागतं?" विचारणारा कधी महापालिकेतला सफाई कामगार असतो, कधी एस.टी.तला वाहक, कधी अंगणवाडी सेविका. हा प्रश्न विचारायलाच मोठी जिगर लागते. म्हणून त्याचे उत्तर नीट, क्रमाने आणि कागदोपत्री दिले पाहिजे.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागते. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. पण निघण्यापूर्वी काय झाले ते सांगणारे थोडे. निघण्यापूर्वी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. पैसा कोण देणार, किती देणार, किती दिवस देणार आणि त्याच्या बदल्यात काय द्यायचे, हे चारही प्रश्न आधी कागदावर आले, मग ते जहाजात बसले. आज जहाजाच्या जागी विमान आले, अर्ज संगणकावर गेला, पण हे चार प्रश्न जसेच्या तसे आहेत.

पालकहो, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवा : प्रवेशपत्र म्हणजे पैसा नव्हे. विद्यापीठाचे पत्र आले की घरात पेढे येतात, आणि दुसऱ्या दिवशी खोली गहाण टाकायची बोलणी सुरू होतात. हा क्रम उलटा करायचा आहे.

कोणत्या पदवीला कोणाचा पैसा

बारावीनंतर पदवीसाठी जाणे सर्वांत महाग. कोलंबियासारख्या खासगी विद्यापीठात एका वर्षाचा एकूण खर्च आज ९० हजार डॉलरच्या वर आहे. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ८१ लाख, आणि अशी चार वर्षे! परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठे व कॉलेजे परदेशी मुलांचीही निवड घरची ऐपत न बघता करतात, आणि निवड झाली तर गरजेपुरती सगळी मदत देतात. कॉर्नेल विद्यापीठात टाटा न्यासाच्या देणगीतून भारतीय मुलांसाठी अशीच मदत आहे. तिथे स्पर्धा फार कठीण आहे. पण लेक खरोखर हुशार असेल तर 'ते श्रीमंतांचे आहे' म्हणून सोडून देऊ नका. श्रीमंत घरच्या मुलाला जे पैसे भरावे लागतात, ते तिथे गरीब घरच्या मुलाला भरावे लागत नाहीत.

एम.ए., एम.एस.सारख्या पदव्युत्तर शिक्षणाला विद्यापीठ सहसा पैसा देत नाही. कर्जात बुडणारी बहुतेक घरे इथेच सापडतात.

पीएच.डी.चे उलट आहे. चांगल्या विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन मिळते. इकडे एम.ए. किंवा एम.एस्सी. उत्तम गुणांनी करून थेट पीएच.डी.ला अर्ज करणे, हा कष्टकरी घरासाठी सर्वांत शहाणपणाचा रस्ता आहे. मात्र २०२५ साली तिथल्या सरकारने संशोधनाच्या अनुदानात कपात केल्यामुळे काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक अडचण. आपली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची; तिकडची पदवी चार वर्षांची. काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी मानतात, काही मानत नाहीत. अर्जाची फी भरण्यापूर्वी विद्यापीठाला ई-मेल पाठवून लेखी उत्तर घ्या. ते उत्तर छापून फायलीत लावा.

दीड वर्षाचे वेळापत्रक

तिकडचे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यासाठीचे अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. म्हणजे आज ठरवले आणि तीन महिन्यांत गेले, असे होत नाही. दीड वर्ष हाताशी ठेवावे.

पहिले सहा महिने : पासपोर्ट, परीक्षांची तयारी आणि विद्यापीठांची यादी. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस लागते. त्याचे गुण दोन वर्षे चालतात. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना जीआरई लागते. तिचे गुण पाच वर्षे चालतात. बऱ्याच ठिकाणी जीआरई आता सक्तीची राहिलेली नाही. तेव्हा आधी यादी करा, मग क्लासला पैसे भरा.

सप्टेंबर ते डिसेंबर : निवेदन लिहिणे, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, गुणपत्रके, अर्ज. फेब्रुवारी ते एप्रिल : उत्तरे. विद्यावेतनासह जागा मिळाली असेल, तर होकार कळवायला अनेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. 'आजच हो म्हणा' असे कोणी घाई करू लागला तर ही तारीख दाखवा.

अर्जाची फी एका विद्यापीठाला साधारण ७५ ते १२५ डॉलर. आठ ठिकाणी अर्ज केले तर पन्नास-साठ हजारांच्या वर जातात, आणि ते परत मिळत नाहीत. अनेक विद्यापीठे आर्थिक अडचण सांगून विनंती केली तर फी माफ करतात. विनंती करण्यात कमीपणा नाही. पाच-सहा विद्यापीठे नीट पारखून निवडली तर तेवढी पुरतात.

फायलीतले कागद

कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसाला ठाऊक असते की चांगली कामे नावातल्या एका अक्षराने अडतात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिसरेच. अर्ज, परीक्षा आणि व्हिसा, सगळीकडे पासपोर्टात आहे तसेच नाव लिहायचे. गुणपत्रकात स्पेलिंग चुकले असेल तर आजच दुरुस्तीला टाका. त्याला महिने लागतात.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सर्व वर्षांच्या गुणांचा एकत्रित उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, घ्यावा लागतो. त्याचेही आगाऊ पैसे भरून पाच-सहा संच काढून ठेवावेत.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला लागतो. शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेल्या मुलांनी विशेष लक्ष द्यावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. परंतु केंद्राच्या कामासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले शेवटच्या दिवशी परत फिरतात.

स्वतःबद्दल काय लिहावे

प्रत्येक अर्जाबरोबर एक निवेदन लागते : मी कोण, काय शिकलो, हेच का शिकायचे आहे, याच विद्यापीठात का. आपली मुले इथे दोन चुका करतात. एक, इंग्रजी क्लासवाल्याचे तयार निवेदन उतरवून घेतात. तेच निवेदन शंभर मुलांनी पाठवलेले असते आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते. दुसरी, केवळ हालअपेष्टा लिहितात. आईने धुणीभांडी केली हे जरूर लिहा, त्यात लाजायचे काय? पण त्याच्या पुढचे वाक्यही लिहा : त्या घरात राहून तुम्ही काय वाचले, काय केले, कोणता प्रश्न डोक्यात घेऊन बसला आहात. ज्या मुलीने वस्तीतल्या पाण्याच्या टाक्यांची नोंद ठेवून पुढे पर्यावरणाचा अभ्यास निवडला, तिचे निवेदन वाचणारा विसरत नाही.

जातीबद्दल लिहावे काय, असे मुले विचारतात. अभ्यासाशी संबंध असेल तर लिहावे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली भेदभावाविरुद्धच्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे हा शब्द तिकडे अगदीच अनोळखी राहिलेला नाही. तरी वाचणाऱ्याला गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय ते ठाऊक नसेल असे धरून, दोन साध्या वाक्यांत समजावून सांगा.

शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात आणि ती प्राध्यापक स्वतः परस्पर पाठवतात. मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसापेक्षा, वर्गात शिकवलेल्या आणि तुमचे काम पाहिलेल्या प्राध्यापकाचे पत्र मोलाचे. त्यांना निदान महिनाभर आधी भेटा.

सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज

आपल्यासाठी दोन मोठ्या योजना आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते आणि विनाअट प्रवेशपत्र हातात लागते. म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात शेजारी ठेवा. नियम बदलत असतात. गेल्या वर्षी शेजारच्याला जमले म्हणून यंदा आपल्याला जमेल असे धरू नका.

निवड झाली तरी पैसा हातात येईपर्यंत थांबावे लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू असे कळवले गेले. तिकडे विद्यापीठाची तारीख उलटत असते. अशा वेळी प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो काय, हे विद्यापीठाला आधीच विचारून ठेवावे.

आता कर्ज. समजा, ४० लाख कर्ज काढले, व्याज दहा टक्के. नुसते व्याजच महिन्याला ३३ हजार होते. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ५३ हजार. सहकर्जदार म्हणून सही बापाची, आणि मोठ्या रकमेला तारण घराचे. नोकरी लागेलच, असे धरून हे गणित मांडले जाते. शिक्षणानंतर एक वर्ष तिकडे काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षे. त्यापुढचा नोकरीचा व्हिसा कोणाला मिळेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिकत असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते; त्यातून थोडाफार हातखर्च निघतो, फी निघत नाही. 'तिकडे हॉटेलात काम करून फी भरेन' म्हणणाऱ्या मुलाला आधीच सांगा की तसे केले तर व्हिसा जातो.

म्हणून नियम असा करावा : इकडे राहून इकडच्या पगारावर जेवढे कर्ज फेडता येईल, तेवढेच काढावे.

व्हिसाची खिडकी

प्रवेश आणि पहिल्या वर्षाच्या पैशाचा पुरावा दिला की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देते. त्यावर ३५० डॉलरची एक फी आणि व्हिसाची १८५ डॉलरची फी भरून मुलाखतीची तारीख घ्यायची. मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले आहे. मुलाखत दोन-चार मिनिटांची. हेच विद्यापीठ का, पैसा कोण देणार, पुढे काय करणार? पाठांतर करून जाऊ नये, खरे ते थोडक्यात सांगावे. शिकून परत येणार याची खात्री पटली नाही तर व्हिसा नाकारतात. तो पुन्हा मागता येतो.

पण 'खात्यात रक्कम दाखवून देतो', 'अनुभवाचा दाखला करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते, आणि एजंटाचे काहीच बिघडत नाही. अमेरिकन सरकारच्या मान्यतेची एज्युकेशन-यूएसए ही सल्ला केंद्रे आपल्याकडे आहेत. तिथे प्राथमिक माहिती फुकट मिळते.

घरातल्या सगळ्यांनी मिळून

येत्या रविवारी एक वही घ्या. आई, वडील, मुलगी, भाऊ, सगळे बसा. पहिल्या पानावर ते चार प्रश्न लिहा : पैसा कोण देणार, किती, किती दिवस, बदल्यात काय. उत्तर रिकामे असेल तर अर्ज थांबवू नका, पण घराच्या कागदांनाही हात लावू नका. मुलीची पाळी आली की 'तिच्या लग्नाचं बघू' म्हणून वही मिटू नका; केंद्राच्या योजनेत मुलींसाठी वेगळा वाटा राखलेला आहे.

आणि ज्यांची मुले तिकडे शिकून आली, त्यांना एक विनंती. त्यांनी वर्षातून एक दिवस वस्तीच्या वाचनालयात बसावे, आपली जुनी फाईल उघडून दाखवावी. आपल्यात पैशाची कमतरता आहे, तशी कोणाला विचारावे याचीही आहे. दुसरी कमतरता आपण आपसांत भरून काढू शकतो.