मोठ्या मायसाठी केंद्र पाहताना : काय विचारायचे, काय पाहायचे

‘म्हातारीला आश्रमात टाकले’ हे वाक्य आपल्या वस्तीत शिवीसारखे उच्चारले जाते. त्या धाकाने अनेक घरे गप्प राहतात आणि सगळा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो. आमच्या नरडाण्याच्या घरात हा विषय निघाला तेव्हा पहिले आठ दिवस भांडणातच गेले. मग ठरले, आधी पाहून येऊ, नंतर बोलू. गेल्या हिवाळ्यात आम्ही नाशिक आणि पुण्याकडची तीन निवासी केंद्रे पाहिली. त्यांची नावे येथे देत नाही. व्यवस्थापक बदलतात, कर्मचारी बदलतात, पण विचारायचे प्रश्न तेच राहतात. ते इतर घरांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे लिहीत आहोत.

मोठी माय म्हणजे आमच्या वडिलांची थोरली भावजय. वय पंचाहत्तरच्या पुढे. शाळेची पायरी चढलेली नाही. आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदणीत गेले. मोठे बाबा रेल्वेत गँगमन होते, ते आता नाहीत. चार वर्षांपूर्वी भाजीत दोनदा मीठ पडू लागले. पुढे नातवंडांची नावे गेली. आता दिवस मावळला की ‘गाडी यायची वेळ झाली’ म्हणत ती मोठ्या बाबांना आणायला स्टेशनकडे निघते. एकदा रात्री महामार्गाच्या कडेला सापडली. तिला सांभाळणारी आमची वहिनी दोन वर्षांत सलग झोपलेली नाही.

आधी निदान, मग केंद्र

‘म्हातारपणात विसरायला होतेच’ असे म्हणून विषय सोडू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर मेंदूजवळ साचलेले रक्त यांमुळेही माणूस विसरतो, गोंधळतो. ही कारणे वेळीच सापडली तर त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून रक्ततपासणी आणि डॉक्टर सांगतील ते स्कॅन आधी करून घ्यावे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. तो करणी नाही, बाहेरची बाधा नाही आणि नाटक तर नाहीच. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. त्यात स्त्रियांचे, खेड्यात राहणाऱ्यांचे आणि शिक्षण न मिळालेल्यांचे प्रमाण अधिक आढळले. आपल्या आया-आज्या या तिन्ही रकान्यांत बसतात. केंद्रे मात्र बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

अंतर हा पहिला प्रश्न

नरडाण्याहून नाशिक पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, पुणे साडेतीनशेच्या पुढे. जाहिरातीतली बाग पाहण्याआधी आपण महिन्यातून किती वेळा तेथे जाऊ शकू, याचा हिशेब मांडा. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याच्याकडे लक्ष कमी जाते, हे कोणत्याही संस्थेत घडू शकते. भेटीच्या वेळा ठरावीकच आहेत की कधीही येता येते, हे विचारा. ‘पहिला महिनाभर भेटू नका, त्यांना रुळू द्या’ असे आम्हाला एका ठिकाणी सांगितले. आम्ही त्या केंद्राचे नाव यादीतून काढले. सारखे फोन करू नका म्हणणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे.

न कळवता, जेवणाच्या वेळी जा

पहिली भेट वेळ ठरवून घ्या, दुसरी न कळवता. दुसऱ्या भेटीत जे दिसते ते खरे. आम्ही संध्याकाळी सातच्या सुमारास गेलो. या आजारात संध्याकाळीच बेचैनी वाढते, म्हणून कर्मचाऱ्यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. पाहायच्या गोष्टी साध्या आहेत :

– लघवीचा वास येतो का? एखाद्या वेळी येईल, पण सगळ्या खोल्यांत येत असेल तर कपडे वेळेवर बदलले जात नाहीत.
– नखे, केस, ओठ पाहा. कोरडे पडलेले ओठ म्हणजे पाणी कमी. या आजारात तहान लागल्याचे सांगता येत नाही. पाणी हातात द्यावे लागते.
– भरवणारी व्यक्ती शेजारी बसून सावकाश भरवते की उभ्याने घास कोंबते? गिळण्याची अडचण वाढली की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.
– अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात का? त्याची नोंदवही दाखवा म्हणा. वजनाची दरमहा नोंद आहे का, तेही पाहा.
– संडास-न्हाणीघरात धरायला दांडे आहेत का? फरशी ओली आहे का?
– रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी जागे असतात? ‘जागे’ हा शब्द मुद्दाम वापरा.

व्यवस्थापकापेक्षा मावशींशी जास्त बोला. ‘तुम्ही येथे किती वर्षे आहात?’ हा आमच्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न. मावशी दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर आपल्या माणसाला ओळखणारे तेथे कोणी उरत नाही. मावशींना पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, हेही विचारा. ज्यांच्या कष्टाला मान नाही, त्यांच्याकडून आपल्या आईचा मान राखला जाण्याची अपेक्षा कशी करणार?

अहिराणी कोण समजणार?

हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणची बोली उरते. मोठी माय पूर्वी शिक्षकांशी, डॉक्टरांशी प्रमाण मराठीत बोलायची. आता फक्त अहिराणी. ‘माले घर जानं शे’ एवढे तरी कोणालाही कळेल, पण पोटात दुखते, भीती वाटते, संडासला जायचे आहे, हे तिच्या शब्दांत कळले नाही तर ती चिडेल आणि तिच्या कागदावर ‘आक्रमक’ असे लिहिले जाईल. आम्ही अहिराणीतल्या तीसेक शब्दांचा एक कागद केला आणि प्रत्येक केंद्रात दाखवला. एका ठिकाणी तो हसून बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी नंदुरबारकडची एक मावशी होती. ती मोठ्या मायबद्दल स्वतःहून प्रश्न विचारू लागली. आमच्या मनात कौल तेथेच लागला.

त्या कागदामागे तिची माहितीही लिहिली : तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, उजव्या कानाने कमी ऐकू येते. नावे विसरली तरी त्रिसरण-पंचशील ती अजून अखंड म्हणते, भीमगीत लागले की टाळी धरते. लहानपणी पाठ झालेले सूर या आजारात बरेच दिवस टिकतात. बेचैन झालेल्या माणसाला गोळी देण्याआधी गाणे लावून पाहणारे केंद्र चांगले.

आडनाव विचारले तर

एका ठिकाणी अर्ज भरताना ‘कोणत्या समाजाचे?’ असा प्रश्न आला. आम्ही उत्तराऐवजी कारण विचारले. ‘खोलीतल्या इतरांना चालले पाहिजे’ असे उत्तर मिळाले. त्याहून अधिक चौकशीची गरज उरली नाही. ज्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्यासाठी हे आपणच आधी तपासले पाहिजे. ताटे-पेले सर्वांचे एकत्र आहेत का? उशाशी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवता येईल का? सामूहिक आरतीला बसणे सक्तीचे आहे का? मृत्यू झाल्यास बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करण्यासाठी आम्हाला लगेच कळवाल का? हे प्रश्न संकोच न करता विचारा. जुन्या आठवणी वर येतात तेव्हा जुने अपमानही वर येतात. पाणी वरून ओतले गेलेल्या पिढीला म्हातारपणी वेगळा पेला दिसता कामा नये.

बांधणे, गोळ्या आणि कायदा

हात खाटेला बांधलेला माणूस दिसला तर तेथून निघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. अन्य बंधनही तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या मान्यतेनेच घालता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून नाही. या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे आणि भानाचे गंभीर विकारही येतात. म्हणून केंद्राची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे का, हे विचारून प्रमाणपत्र पाहा.

दुपारी सगळेच गुंगीत बसलेले दिसले तर औषधांची यादी मागा. शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. गोळी कोणी लिहिली, किती दिवसांसाठी, कुटुंबाला कळवले का, या प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत.

पैसा आणि करार

आम्हाला सांगितलेले दर महिना ३० ते ५० हजार रुपयांच्या दरम्यान होते. डायपर, औषधे, रुग्णालयात नेणे वेगळे. मोठ्या मायच्या कुटुंब निवृत्तिवेतनात हे बसत नाही; चार घरांनी मिळून वाटून घ्यावे लागते. अनामत परत कधी मिळते, आजार वाढल्यावर केंद्र परत पाठवते का, रात्री रुग्णालयात कोण नेते, हे करारात पाहा. सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. केंद्रातला निवासखर्च त्यात येत नाही. बँकेतील वारसनोंद, संयुक्त खाते, मृत्युपत्र ही कामे मात्र आजाराच्या सुरुवातीला, माणसाला समजते आहे तोवरच करून घ्यावीत.

आम्ही काय ठरवले

अहिराणी समजणारी मावशी असलेल्या केंद्रात मोठ्या मायला आधी एक महिना ठेवायचे, दर रविवारी घरातले कोणीतरी जायचे आणि महिन्याच्या शेवटी तिचे वजन, झोप आणि चेहरा पाहून पुढचे ठरवायचे. तो महिना वहिनीने झोपायचे, हेही ठरावात आहे. सांभाळणारीची विश्रांती ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आपल्याला माहीत आहे. इतरांनी त्याच्याकडे पाठ का फिरवली होती? तो त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता म्हणून. तथागतांनी आनंदांसह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. घर असो की केंद्र, उपयोगाचा न उरलेल्या माणसाला तेथे कोण आणि कसे धुते, एवढे पाहून या.

ज्यांना केंद्र परवडत नाही, त्यांच्यासाठी विहारात दुपारचे दोन तास अशा ज्येष्ठांना आळीपाळीने सांभाळता येईल. त्यासाठी इमारत आहे, सतरंजी आहे, गाणी आहेत. दोन माणसे हवीत आणि दाराला कडी.

ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी : १४५६७. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस : १४४१६. दोन्ही निःशुल्क आहेत. सांभाळणाऱ्यांनीही फोन करावा.