हवेतला फोटो: सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा

उडी मारली, मित्राने बटण दाबलं, आणि फोटोत काय आलं? एक तर तुम्ही अजून गुडघे वाकवून उभे, नाहीतर पाय टेकून झालेले. फोन महागाचा असला तरी हे होतंच, कारण गडबड कॅमेऱ्याची नसून वेळेची असते.

समजा तुम्ही जांब समर्थमध्ये शेताजवळच्या कडक रस्त्यावर उभे आहात. (गावोगावी मारुती उभे करणाऱ्या समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, तेव्हा उड्डाणाचं कौतुक इथे नवं नाही.) जागेवरून ४० सेंटीमीटर उडी मारलीत, तर वर जायला ०.२९ सेकंद आणि खाली यायला तेवढेच. एकूण ०.५७ सेकंद. वजन कितीही असो, हा आकडा बदलत नाही.

आता गंमत बघा. वर जाताना वेग कमी होत जातो, म्हणून या ०.५७ पैकी निम्मा वेळ तुम्ही फक्त वरच्या १० सेंटीमीटरमध्येच असता. फोटो तिथेच पकडायचा. पण डोळ्याने बघून बोट हलायलाच साधारण पाव सेकंद लागतो. मित्र ‘एकदम वर गेला की दाबतो’ म्हणाला तर गेलं काम! पाय सुटताना दिसले की लगेच दाबायला सांगा.

त्यापेक्षा बर्स्ट मोड बरा. सेकंदाला १० फोटो काढणारा फोन त्या वरच्या टप्प्यात दोन-तीन फोटो नक्की देतो. एकटेच असाल तर फोन विटेला टेकवा, व्हिडिओ सुरू करा आणि दहा-बारा उड्या मारा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका उडीच्या ३४ फ्रेम मिळतात. फोर-के व्हिडिओतली एक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, स्टेटसला भरपूर झाली. आणि लाजू नका, साल्वादोर दालीचा १९४८ चा तो प्रसिद्ध हवेतला फोटो काढायला फिलीप हाल्समनलाही २८ वेळा प्रयत्न करावा लागला होता.

फोटो पुसट येतोय? पाय सुटताना वेग सेकंदाला २.८ मीटर असतो. शटर १/६० असेल तर तेवढ्यात तुम्ही साडेचार सेंटीमीटर सरकता. १/१००० ला जेमतेम ३ मिलिमीटर. प्रो मोडमध्ये १/१००० ठेवा आणि भर उन्हात काढा. नाइट मोड, एचडीआर बंद, कारण ते अनेक फोटो एकत्र जोडतात आणि तुम्हाला दोन-दोन हात फुटतात.

उंच दिसायचं असेल तर कॅमेरा जमिनीलगत ठेवा, मागे आभाळ येऊ द्या आणि टोकाला गेल्यावर पाय पोटाशी घ्या. उडी तीच, पण पाय कितीतरी वर दिसतात. नांगरलेल्या काळ्या मातीत मात्र नको. जोर मातीतच जिरतो आणि पाय मुरगळतो तो वेगळाच.

आणि एक गोष्ट मी हट्टाने सांगतो: कठडा नसलेली विहीर, कॅनॉल, गच्चीची कड, यांच्या जवळ अजिबात नाही. पळत येऊन उडी मारली आणि वेग सेकंदाला ४ मीटर असला, तर तुम्ही उडालात तिथून २.३ मीटर पुढे पडता, वर थांबायला दोन-तीन पावलं लागतात. हवेत असताना ब्रेक नसतो. विहीर फोटोत हवीच असेल तर उडी विहिरीपासून लांब, विहिरीकडे पाठ न करता आणि तिच्या दिशेने न पळता मारा.